११ केव्हीच्या जाळ्याचा ग्राफ तुटतो किंवा चिकटतो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती असोत, जुन्या नाशिकमधली केबल असो की निफाड-दिंडोरीकडचे शेती फिडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्या), वीज जाळ्याचा ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांचं संगणकातलं मॉडेल, बिघडला की तो माझ्याकडे येतो. जाळं दरवेळी वेगळं असतं, दोष मात्र फिरून फिरून तेच. ते शोधायचा क्रम इथे लिहून ठेवतो आहे.

लक्षणं

लोड फ्लो (जाळ्यातली व्होल्टेज आणि प्रवाह काढणारं गणित) चालवला की मॅट्रिक्स सिंग्युलर, म्हणजे न सुटणारं, असल्याचा संदेश येतो, किंवा कितीही फेऱ्या झाल्या तरी गणित जुळत नाही. निकालात एका भागातल्या सगळ्या बसचं (वाहिन्या जिथे जोडल्या जातात त्या पट्ट्यांचं) व्होल्टेज रिकामं दिसतं. उगम एकच, म्हणजे एक ३३/११ केव्ही उपकेंद्र, आणि ग्राफचे तुकडे मात्र डझनावारी.

याच्या उलट लक्षणंही असतात. फिडर रेडियल, म्हणजे एकाच बाजूने पुरवठा घेत, चालतो हे लाइनमनपासून अभियंत्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, पण प्रोग्रॅम त्यात लूप (बंद वळसा) दाखवतो. ‘हा फिडर ट्रिप झाला तर कोणत्या डीपी जातील?’ असं विचारलं की एकही डीपी जात नाही असं उत्तर येतं, कारण ग्राफच्या मते सगळ्यांना दुसरीकडून वीज मिळते आहे. मुख्य ब्रेकर उघडला, म्हणजे जोड तोडली, तरी तुकड्यांची संख्या हलत नाही.

पहिल्या प्रकाराला मी तुटीचा दोष म्हणतो: प्रत्यक्षात जोड आहे, ग्राफमध्ये नाही. दुसरा चिकट दोष: प्रत्यक्षात जोड नाही, ग्राफमध्ये आहे. आपल्याकडे यातला कोणता आहे हे आधी ठरवा, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला वाढवतो. तूट भरायला जोडण्याचं अंतर वाढवलं की नको ते बिंदूही चिकटतात. एकाच फाइलमध्ये दोन्ही दोष असतील तर एकूण आकडे ठीक दिसतात आणि फसवतात.

पुढे नोड म्हणजे बस किंवा जोडबिंदू, आणि कड म्हणजे वाहिनी, केबल, रोहित्र किंवा स्विच. प्रोग्रॅम कोणताही असो, पायथनमधली नेटवर्कएक्स (ग्राफसाठी) किंवा पांडापॉवर (वीज जाळ्यासाठी) ही लायब्ररी असेल तर सोयीचं.

आधी तीन आकडे मोजा

याला खर्च शून्य, आणि निम्मे दोष इथेच उघडे पडतात. ग्राफमधले नोड, कडा आणि तुकडे मोजा. मग कडांमधून नोड वजा करा आणि तुकडे मिळवा. जे उरतं ती स्वतंत्र लूपची संख्या. किरचॉफने १८४७ मध्ये विद्युत परिपथांसाठी हाच हिशोब मांडला होता, आणि वीज जाळ्याकडे ग्राफ म्हणून बघण्याची सुरुवात तिथूनच होते.

फक्त जोडलेले स्विच धरले तर रेडियल फिडरमध्ये लूप शून्य यायला हवेत. उपकेंद्रात दोन रोहित्रं समांतर चालत असतील, म्हणजे दोन्ही बाजूंचे बस कपलर (दोन बस जोडणारे ब्रेकर) जोडलेले असतील, तर तिथला एक लूप खरा आहे. म्हणून अपेक्षित उत्तर प्रोग्रॅम चालवण्याआधी सिंगल लाइन डायग्रामवरून (जोडण्यांच्या एकेरी रेषांच्या आराखड्यावरून) काढून कागदावर लिहा. आकडा समोर आल्यावर त्याला पटेल असं कारण शोधणं फार सोपं असतं, आणि दोष तसाच राहून जातो.

शंका तुमच्या प्रोग्रॅमवरच असेल तर बरान आणि वू यांनी १९८९ मध्ये वापरलेलं ३३ नोडचं चाचणी जाळं त्यात घाला. त्यात ३७ शाखा आहेत, त्यांपैकी ५ टाय, म्हणजे एरवी उघड्या राहणाऱ्या जोडवाहिन्या. टाय उघडे ठेवले तर ३२ वजा ३३ अधिक १, म्हणजे शून्य लूप. सगळे जोडले तर ५. तुमचं उत्तर हे नसेल तर नाशिकची फाइल उघडूच नका, प्रोग्रॅम आधी नीट करा.

तुकड्यांचा आकार बघा

तुकडे मोठ्यापासून लहानापर्यंत लावा आणि यादी नुसती वाचा. एका मोठ्या तुकड्याभोवती एकेका नोडचे पुष्कळ तुकडे असतील तर बहुधा नावांची गडबड आहे. दोनच मोठे तुकडे असतील तर बस कपलर, बस सेक्शन किंवा एखादी एकच कड राहिली आहे. दहा-वीस नोडचे बरेच तुकडे असतील तर स्विचची स्थिती किंवा नकाशावरचे जोड तपासा.

प्रत्येक तुकड्यात उगम आहे का हेही याच वेळी बघा. लोड फ्लोच्या मॅट्रिक्सला प्रत्येक तुकड्यात एक संदर्भ बस लागते. उगम नसलेला एक तुकडा जरी शिल्लक असला तरी सिंग्युलरचा संदेश येऊ शकतो. काही प्रोग्रॅम असा तुकडा गुपचूप बाजूला काढतात आणि तिथलं व्होल्टेज रिकामं दाखवतात. पांडापॉवर तसंच करतं. म्हणून गणित जुळलं एवढ्यावर जाळं अखंड आहे असं समजू नका. पांडापॉवरच्या टोपोलॉजी (जोडणीची रचना) विभागात पुरवठा नसलेल्या बसची यादी देणारं फंक्शन आहे, ते आधी चालवा.

नावं आणि ओळख क्रमांक

आपल्याकडे हा दोष भरपूर आढळतो. रोमन लिपीत नाशिक ‘एच’सह लिहितात आणि ‘एच’शिवायही, ओझर कुणी ‘झेड’ने लिहितं, कुणी ‘जेएच’ने, पंचवटीत कुणाला ‘व्ही’ हवा असतो, कुणाला ‘डब्ल्यू’. वाहिन्यांच्या यादीत एक रूप आणि रोहित्रांच्या यादीत दुसरं असेल तर ग्राफ दोन वेगळे नोड बनवतो आणि मधली जोड तुटते. नावाच्या शेवटी राहिलेली रिकामी जागासुद्धा एवढा गोंधळ घालते. देवनागरीत नावं असतील तर ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवलं जातं. डोळ्यांना ते एकच दिसतं, संगणकाला दोन. एनएफसी नॉर्मलायझेशनने (अक्षराची रूपं एकसारखी करण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने) हे सुटतं, पण न दिसणारं जोडचिन्ह वेगळं काढावं लागतं.

याची उलट बाजू जास्त धोक्याची आहे. प्रत्येक उपकेंद्रात ‘बस १’ असते आणि ‘फिडर ४’ असतो. नुसत्या नावावर ग्राफ बांधला तर ओझरची बस १ आणि सिन्नरची बस १ एकच होते. तुकडे कमी होतात, आकडे बरे दिसतात, आणि प्रत्यक्षात कुठेच नसलेली जोड तयार होते. नोडला उपकेंद्राचा संकेतांक जोडून ओळख क्रमांक द्या. नाव फक्त वाचण्यासाठी ठेवा, जोडण्यासाठी कधीही वापरू नका.

स्विचची स्थिती

सर्वेक्षणाच्या कागदावर ‘स्विच बंद’ असं लिहिलेलं असतं. लाइनमनच्या दृष्टीने त्याचा अर्थ पुरवठा तोडलेला. संगणकात भरणारा माणूस ते ‘क्लोज्ड’ म्हणून भरतो, म्हणजे जोडलेला. एका एबी स्विचची (खांबावरच्या हाताने चालवायच्या स्विचची) अशी उलटी नोंद झाली तर दोन फिडर चिकटतात. सर्वेक्षणाच्या नमुन्यात ‘जोडलेला’ आणि ‘तोडलेला’ एवढेच दोन पर्याय छापा, तिसरा शब्द ठेवू नका.

मग रिकामे रकाने बघा. स्थिती भरलेलीच नसेल तर बरेच प्रोग्रॅम स्विच जोडलेला धरतात. आरएमयूमधला (केबल जोडणाऱ्या स्विचपेटीतला) सामान्यतः उघडा राहणारा बिंदू असा रिकामा राहिला की दोन फिडर मिळून लूप होतो. रेडियल जाळ्यात लूप दिसला तर मी आधी त्या लूपवरच्या टाय स्विचची नोंद उघडतो, आणि बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

सामान्य स्थिती आणि आजची स्थिती यांचे रकाने वेगळे ठेवा. दुरुस्तीसाठी भार दुसऱ्या फिडरवर टाकलेला असतो, त्या दिवशी कुणी नोंद घेतो, आणि तीच कायमची म्हणून फाइलमध्ये बसते. कुंभाच्या वर्षी हे फार वाढतं. तपोवन-पंचवटी परिसरात साधुग्रामसाठी तात्पुरत्या वाहिन्या आणि रोहित्रं येतात आणि नंतर निघतात. २०२७ च्या कुंभासाठी काम करणाऱ्यांनी प्रत्येक तात्पुरत्या कडेवर सुरू झाल्याची आणि काढल्याची तारीख लिहावीच.

स्विच वाहिनीच्या कोणत्या टोकाला आहे हेही नोंदवा. एक टोक उघडलं म्हणून अख्खी कड पुसली तर ग्राफमध्ये वाहिनी मृत दिसते. प्रत्यक्षात ती दुसऱ्या टोकाकडून जिवंत असते. जोडणीच्या हिशोबात फरक पडत नाही असं वाटेल, पण तिच्यावर काम करणाऱ्या माणसाला पडतो.

चुकीची स्थिती किती दूर जाते याचं नोंदलेलं उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चं आहे. अमेरिका आणि कॅनडामध्ये सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्या दुपारी मिडवेस्ट आयएसओ या ग्रिड सांभाळणाऱ्या संस्थेचा स्टेट एस्टिमेटर (मोजमापांवरून जाळ्याची स्थिती काढणारा प्रोग्रॅम) जुळत नव्हता, कारण इंडियानातली ब्लूमिंग्टन–डेनॉइस क्रीक ही २३० केव्हीची वाहिनी सुटली होती आणि मॉडेलमध्ये ती सुरूच होती. ब्लॅकआउटची कारणं अनेक होती, पण नियंत्रण कक्षाला वेळेवर चित्र न दिसण्यात या एका कडेचा वाटा होता.

व्होल्टेजची चाळणी

ही तपासणी काही ओळींची आहे आणि फारच कमी लोक करतात. ग्राफची एक प्रत घ्या, त्यातून सगळी रोहित्रं काढून टाका आणि तुकडे पुन्हा मोजा. आता प्रत्येक तुकड्यात एकच व्होल्टेज पातळी असली पाहिजे. एखाद्या तुकड्यात ३३ केव्हीचे आणि ११ केव्हीचे नोड एकत्र दिसले तर कुठेतरी वाहिनी किंवा स्विच दोन पातळ्यांना थेट जोडतो आहे, आणि ते प्रत्यक्षात शक्य नाही. त्या तुकड्यातल्या ३३ च्या नोडपासून ११ च्या नोडपर्यंतचा सर्वांत छोटा मार्ग काढा. दोषी कड त्या मार्गावरच असते.

मॉडेलमधल्या तीन जागा

जमिनीचा नोड. परिपथाचं गणित शिकताना आपण पृथ्वीला शून्य क्रमांकाचा नोड धरतो. तीच सवय इथे आली की कपॅसिटर बँक, अर्थिंग, भार, सगळ्यांच्या कडा त्या एका नोडला जातात आणि संपूर्ण जाळं जमिनीतून जोडलेलं दिसतं. मग कितीही ब्रेकर उघडा, तुकडा एकच राहतो. टोपोलॉजीच्या ग्राफमधून जमीन काढून टाका. भार आणि कपॅसिटर हे नोडचे गुणधर्म म्हणून ठेवा.

समांतर वाहिन्या. नेटवर्कएक्सच्या साध्या ग्राफमध्ये दोन नोडमध्ये एकच कड मावते. डबल सर्किट वाहिनीचं दुसरं सर्किट टाकलं की पहिल्याची माहिती पुसली जाते. मल्टिग्राफ वापरा. हे केलं नाही तर कोणती कड तुटल्यावर जाळं दुभंगेल या प्रश्नाचं उत्तर खोटं येतं, कारण दोन सर्किटांची सुरक्षित जोड एकेरी दिसते. याच्या उलटही घडतं: मॉडेलमध्ये दोन सर्किटं आहेत म्हणून निर्धास्त राहायचं आणि त्यातलं एक कामासाठी बंद असायचं. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर ग्रिड कोसळला, तेव्हा सुरुवात ४०० केव्हीच्या बिना–ग्वाल्हेर वाहिनीच्या सुटण्याने झाली होती, आणि त्या मार्गावरचं दुसरं सर्किट कामासाठी आधीच बंद होतं. कडा किती आहेत आणि त्या क्षणी जोडलेल्या किती, हे दोन्ही आकडे ग्राफमध्ये हवेत.

तीन वाइंडिंगचं रोहित्र. ते त्रिकोण करून घातलं तर एक खोटा लूप वाढतो. मध्ये एक काल्पनिक नोड घ्या आणि तीन कडा ताऱ्यासारख्या जोडा. नोड चार, कडा तीन, लूप शून्य.

नकाशावरून बनवलेला ग्राफ

इथून काम महाग होतं. जीआयएसच्या (संगणकीय नकाशाच्या) रेषांमधून ग्राफ काढताना रेषांची टोकं नेमकी एकमेकांवर पडत नाहीत, म्हणून ठरावीक अंतराच्या आतली टोकं एक धरावी लागतात. ते अंतर किती ठेवायचं यावर सगळा खेळ आहे.

पहिल्यांदा एकक बघा. अक्षांश-रेखांशाच्या फाइलमध्ये अंतर अंशांत मोजलं जातं. ०.००००१ अंश म्हणजे साधारण १.१ मीटर, आणि एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. मीटर समजून तिथे १ लिहिलं तर जिल्ह्याचा बराचसा भाग एका नोडमध्ये गोळा होतो. फाइल आधी यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशा पद्धत) विभाग ४३ उत्तर मध्ये बदला. नाशिक त्यातच येतं. मग मीटर हे मीटरच राहतात.

अंतर अंदाजाने निवडू नका. अर्धा मीटर, एक, दोन, पाच, दहा असं वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी तुकडे आणि लूप दोन्ही लिहा. सुरुवातीला तुकडे झपाट्याने घटतात. पुढे एक टप्पा येतो जिथे तुकडे घटायचे जवळपास थांबतात आणि लूप मात्र वाढू लागतात. त्या टप्प्याच्या अलीकडचं अंतर घ्या आणि उरलेल्या तुटी हाताने जोडा. निफाडच्या उघड्या रानात घेतलेल्या नोंदी आणि जुन्या नाशिकच्या बोळांत उंच भिंतींमध्ये घेतलेल्या नोंदी यांची अचूकता सारखी नसते. दोन्हींना एकच अंतर लावू नका, भागानुसार वेगळं ठेवा.

टोक-टोकाची जोड झाली तरी टॅप उरतो. मुख्य वाहिनीच्या मधूनच डीपीकडे फांदी निघते, आणि मुख्य रेषेला तिथे बिंदूच नसतो. अशा जागी रेषा फोडून नोड बनवावा लागतो. पण जिथे जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे सरसकट नोड बनवणारं साधन वापरू नका. ३३ केव्हीची वाहिनी ११ केव्हीवरून जाते, दोन फिडर रस्त्यावर एकमेकांना ओलांडतात, कधी एकाच खांबावरून दोन वाहिन्या जातात; यातला एकही जोड नाही. फांदीचं टोक मुख्य रेषेवर येऊन संपत असेल आणि दोघांचं व्होल्टेज एक असेल, तरच जोडा. हे केल्यावर व्होल्टेजची चाळणी पुन्हा लावा. दोन वेगळे ११ केव्ही फिडर चिकटले असतील तर ती चाळणी पकडणार नाही, तिथे लूपचा आकडाच कामी येतो.

शून्य इम्पीडन्सच्या कडा

तुकडे बरोबर, लूप बरोबर, आणि तरीही लोड फ्लो जुळत नाही, तेव्हा इथे या. जोडलेल्या स्विचचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) शून्य असतो, म्हणजे अ‍ॅडमिटन्स (त्याचा व्यस्त) अनंत. तो टाळायला लोक एखादा अतिसूक्ष्म आकडा घालतात आणि मॅट्रिक्समध्ये प्रचंड मोठ्या आणि अगदी लहान संख्या शेजारी बसतात. मग गणित डळमळतं.

योग्य उपाय असा की जोडलेल्या स्विचने बांधलेले सगळे नोड एकत्र करून एक बस बनवायची, आणि लोड फ्लो त्या आटोपशीर ग्राफवर चालवायचा. मूळचा ब्रेकरसकटचा ग्राफ मात्र जपून ठेवायचा, आणि कोणता मूळ नोड कोणत्या बसमध्ये गेला याची यादीही. ती यादी नसेल तर निकालातला दोष उपकेंद्रातल्या नेमक्या ब्रेकरपर्यंत नेता येत नाही. कोणताही ब्रेकर हलला की एकत्रीकरण नव्याने करायचं. कालच्या बस आज चालत नाहीत.

शेती फिडरवर सिंगल फेजिंग (तिन्ही फेजना सारखा पुरवठा नसणं) असेल तर एका नोडने भागत नाही. प्रत्येक फेजला स्वतंत्र नोड द्या, नाहीतर एका फेजचा उतरलेला जंपर (जोडतारेचा तुकडा) ग्राफला कधीच दिसणार नाही.

इथे थांबा

एवढं करूनही एखाद्या जागी डायग्राम एक सांगतो आणि नकाशा दुसरं, तर संगणकावर बसून त्याचं उत्तर मिळत नाही. जागेवर जावं लागतं, आणि ते काम तुमचं नाही. आरएमयूचं दार उघडून कोणती केबल कुठे जाते ते बघणं, खांबावर चढून जंपर पाहणं, एबी स्विच हलवून बघणं यातलं काहीही करू नका. संबंधित कक्षाच्या अभियंत्याला सांगा. तो परमिट घेऊन, प्रशिक्षित माणसांकडून तपासून घेईल. सर्वेक्षण करताना तुटलेली किंवा लोंबकळणारी तार दिसली तर दूर उभं राहा, इतरांना दूर ठेवा आणि १९१२ वर कळवा.

ग्राफमध्ये मृत दिसणारी वाहिनी मृत धरून कुणालाही काम करू देऊ नका. कारखान्याचा जनरेटर चुकीच्या चेंजओव्हरमधून उलटा पुरवठा देऊ शकतो, आणि तुमच्या फाइलमध्ये तो जनरेटर बहुधा नसतोच. शटडाउनचा निर्णय व्होल्टेज तपासून आणि अर्थिंग करूनच होतो.

१३२ किंवा २२० केव्हीचा भाग मॉडेलमध्ये असेल, रिलेची सेटिंग ग्राफच्या निकालावरून बदलायची असतील, किंवा स्काडाचे (दुरून मोजमाप आणणाऱ्या यंत्रणेचे) मोजलेले आकडे आणि ग्राफ सातत्याने विसंगत असतील, तर संरक्षण आणि स्टेट एस्टिमेशनचं काम केलेल्या अभियंत्याकडे फाइल द्या. मोजमापात खोट आहे की टोपोलॉजीत, हे वेगळं करायला अनुभव आणि वेगळी साधनं लागतात.

त्याच्याकडे जाताना सोबत एवढं न्या: नोड, कडा, तुकडे आणि लूपचे अपेक्षित व मिळालेले आकडे, उगम नसलेल्या तुकड्यांची ओळख क्रमांकासह यादी, स्विचची स्थिती कोणत्या तारखेची आहे, नकाशासाठी वापरलेलं जोडण्याचं अंतर, आणि संशयाच्या जागी लाल खूण केलेला सिंगल लाइन डायग्राम.